शहराची बससेवा कपातीपासून कशी वाचवायची: मोजणीपासून मतदानापर्यंत

थांब्याच्या खांबावर एक कागद चिकटतो: ‘पुढील महिन्यापासून या मार्गाच्या वेळापत्रकात बदल करण्यात येत आहे.’ लोक तो वाचतात, चिडतात, फोटो काढून एकमेकांना पाठवतात. पण तो निर्णय बहुतेकदा चार-सहा महिने आधीच, अर्थसंकल्पाच्या एखाद्या तक्त्यात झालेला असतो. त्या वेळी त्या खोलीत प्रवाशांच्या बाजूचं कुणी नसतं. कपात रोखायची तर त्या खोलीपर्यंत वेळेत पोचायला हवं आणि पोचताना हातात स्वतः मोजलेले आकडे हवेत. ते कसं करायचं, एवढाच या लेखाचा विषय. बसचा उल्लेख जास्त येईल, कारण कुऱ्हाड पहिल्यांदा तिच्यावरच पडते. ट्राम, मेट्रो आणि उपनगरी रेल्वेलाही यातलं बहुतेक लागू आहे.

घाई कशासाठी? न्यूयॉर्कने जून २०१० मध्ये पैशांच्या तुटीपायी डझनावारी बसमार्ग आणि भुयारी रेल्वेच्या दोन सेवा बंद केल्या. त्यातली ‘डब्ल्यू’ नावाची सेवा परत आली नोव्हेंबर २०१६ मध्ये. अटलांटाला लागून असलेल्या क्लेटन काउंटीने ३१ मार्च २०१० रोजी आपली सगळीच्या सगळी बससेवा बंद केली. तिथल्या लोकांना नोव्हेंबर २०१४ च्या मतदानात जादा विक्रीकर स्वतःहून मंजूर करावा लागला, तेव्हा कुठे मार्च २०१५ मध्ये बस पुन्हा धावू लागल्या. दरम्यानच्या पाच वर्षांत नोकरी सोडलेल्या, घर बदललेल्या किंवा कर्ज काढून गाडी घेतलेल्या माणसाला ती बस परत आल्याचा काय उपयोग?

आधी कपात ओळखायला शिका

मार्ग बंद होणं ही सर्वांना दिसणारी कपात. न दिसणाऱ्या कपाती जास्त असतात आणि त्यांची घोषणा कधीच होत नाही.

चालक-वाहकांच्या रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, मग रोज काही फेऱ्या सुटतच नाहीत. जुन्या बस भंगारात जातात, नव्या येत नाहीत. सुटे भाग नसल्याने चार-पाच बस आगारात उभ्या राहतात आणि त्यातल्याच एकीचे भाग काढून दुसरी चालवली जाते. रात्रीची शेवटची बस अर्धा तास अलीकडे सरकते. यांपैकी कुठल्याही गोष्टीसाठी ठराव लागत नाही.

सगळ्यांत फसवी कपात वेगळीच. समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन फेरी पुरी व्हायला ६० मिनिटं लागतात आणि सहा बस धावतात. म्हणजे दर १० मिनिटांनी एक बस. रस्त्यावर खासगी गाड्या वाढल्या, फेरीला ७२ मिनिटं लागू लागली. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, खर्चही तेवढाच, पण आता बस येते दर १२ मिनिटांनी. अर्थसंकल्पात एक पैसा कमी झालेला नाही आणि प्रवाशाच्या वाट्याची सेवा मात्र घटली. ‘आम्ही कपात केलेलीच नाही’ असं अधिकारी म्हणतात तेव्हा ते बहुधा खोटं बोलत नसतात. ते पैसे मोजत असतात, तुम्ही वाट पाहत असता.

म्हणून लक्ष ठेवायचं ते दोन आकड्यांवर: वर्षभरात प्रत्यक्ष दिलेले सेवा-तास (एक बस रस्त्यावर तासभर चालली की एक सेवा-तास) आणि प्रत्यक्ष सुटलेल्या फेऱ्या. मंजूर तरतूद, ताफ्यातल्या बसची संख्या, उद्घाटन झालेले मार्ग हे सगळं ऐकून घ्या, पण प्रत्येक चर्चा या दोन आकड्यांवर परत आणा.

स्वतः मोजा

हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणूनच ते कुणी करत नाही. तुमचं वजन त्यातूनच तयार होतं.

तीन मार्ग निवडा: एक गर्दीचा, एक मध्यम, एक कपातीच्या तोंडावर असल्याची कुजबुज असलेला. प्रत्येकाचा एकच थांबा ठरवा, शक्यतो मार्गाच्या मधल्या भागातला. सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास, असं सलग दोन आठवडे बसा. वहीत चार रकाने पुरे: वेळापत्रकातली वेळ, बस आली ती वेळ, गर्दी (जागा होती, उभे होते, चढताच आलं नाही) आणि शेरा. चढता न आलेली माणसं वेगळी मोजा. दहा जणांनी पाळ्या वाटून घेतल्या तर कुणाच्याच अंगावर फार येत नाही. तुमची वाहतूक संस्था बसची थेट स्थिती खुल्या डेटाच्या रूपात देत असेल, तर संगणकाची जाण असलेला एखादा मित्र हेच काम सगळ्या मार्गांसाठी करून देईल. तरीही थांब्यावरची मोजणी सोडू नका. बस भरून निघून गेली आणि मागे अठरा माणसं राहिली, हे संगणकाला दिसत नाही.

मग हिशेब. ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती आल्याच नाहीत, ही पहिली टक्केवारी. दोन बसमधलं सगळ्यांत मोठं अंतर हा दुसरा आकडा. तिसरा जरा समजून घेण्यासारखा आहे. बस दर १० मिनिटांनी नेमाने येत असेल, तर थांब्यावर कधीही पोचणाऱ्या माणसाला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच तासाभरातल्या सहा बस जोडीजोडीने, २० मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी थांबणं १० मिनिटांवर जातं. तासाला सहा बस हा कागदावरचा आकडा दोन्ही वेळा तोच! तीन बस एकामागोमाग येणं हा प्रवाशांच्या थट्टेचा विषय आहे खरा, पण तुमच्या निवेदनात तो आकड्याच्या रूपात असायला हवा.

मोजणीतले स्वतःच्या विरोधातले आकडेही लपवू नका. एखाद्या मार्गावर बस खरंच वेळेवर येत असेल तर तसं लिहा. समोरच्या बाजूला तुमच्या वहीतली एक चूक सापडली की बाकीची सगळी पानं निकामी होतात.

अर्थसंकल्प वाचण्याची रीत

शेकडो पानं बघून दडपून जाऊ नका. तुम्हाला वीसेक पानंच लागतात.

पहिल्यांदा महसुली खर्च आणि भांडवली खर्च वेगळे करा. महसुली म्हणजे रोज बस चालवण्याचा खर्च: पगार, इंधन किंवा वीज, देखभाल. भांडवली म्हणजे नव्या बस, आगार, रूळ, यंत्रणा. बहुतेक फसगत इथेच होते. ‘वाहतुकीसाठी विक्रमी तरतूद’ ही बातमी भांडवली पैशांची असते आणि त्याच वर्षी बस चालवायला चालक नसतात. न्यूयॉर्कने ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं. तो पैसा भांडवली कामांसाठी बांधलेला आहे, रोजच्या फेऱ्यांसाठी नाही. शिवाय ही योजना जून २०२४ मध्ये, सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, गव्हर्नरांनी थांबवलीही होती. जाहीर झालेला पैसा आणि हातात आलेला पैसा यांतलं अंतर लक्षात ठेवावं ते यासाठी.

दुसरं, तीन रकाने शेजारी-शेजारी ठेवा: गेल्या वर्षीची तरतूद, गेल्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, यंदाची तरतूद. पगाराच्या शीर्षाखाली तरतूद भरपूर आणि खर्च कमी दिसला, तर तिथे जागा रिकाम्या ठेवून पैसे वाचवलेत. देखभालीचा प्रत्यक्ष खर्च सलग दोन वर्षं घटला असेल, तर तिसऱ्या वर्षी बस रस्त्यात बंद पडणारच. हे भाकीत आधी लेखी देऊन ठेवा.

तिसरं, एकदाच येणारा पैसा शोधा. जमीन विकून आलेला, राखीव निधीतून उचललेला, मुदत असलेल्या अनुदानाचा. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये महासाथीच्या मदतीत शहर वाहतुकीला २५ अब्ज डॉलर दिले, पुढच्या दोन कायद्यांनी त्यात भर घातली. त्या पैशाने सेवा तगली, पण तो कधीतरी संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही कित्येक शहरं २०२५ च्या आसपास कड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तुमच्या शहराच्या अर्थसंकल्पात असा पैसा किती आणि तो कुठल्या वर्षी आटणार, एवढं जरी एका पानावर मांडलंत, तरी बऱ्याच लोकप्रतिनिधींना ते पहिल्यांदा कळेल.

माहिती मिळत नसेल तर मागा. माहिती मागण्याचा कायदेशीर हक्क जिथे आहे तिथे तो वापरा, पण प्रश्न नेमका ठेवा. ‘बससेवेची सर्व माहिती द्यावी’ याला उत्तर येत नाही. ‘अमुक ते अमुक महिन्यात ठरलेल्या फेऱ्या किती, रद्द किती, कारणनिहाय’ याला येतं.

सेवा खासगी ठेकेदार चालवत असेल, तर करारही मागा. ठेकेदाराला पैसे प्रवासीसंख्येवर मिळतात की किलोमीटरवर, रद्द झालेल्या फेरीला दंड आहे का, तो कधी वसूल झाला का, हे बघा. दक्षिण कोरियाच्या सोल शहराने २००४ मध्ये खासगी बसचालकांना धावलेल्या अंतरानुसार मोबदला द्यायला सुरुवात केली आणि मार्ग ठरवण्याचं काम शहराने स्वतःकडे घेतलं. ब्रिटनमध्ये उलटं झालं होतं. १९८६ मध्ये लंडनबाहेरच्या बस खुल्या बाजारावर सोडल्या, आणि ग्रेटर मँचेस्टरला त्या पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणायला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला.

‘इतकी बचत होईल’ हा आकडा तपासा

कपातीच्या प्रस्तावात नेहमी एक वाक्य असतं: या मार्गावर इतका खर्च, इतकं उत्पन्न, म्हणून इतकी तूट, म्हणून बंद केल्यास इतकी बचत. यातली शेवटची उडी बहुतेक वेळा चुकीची असते.

मार्गाचा खर्च काढताना मुख्यालयाचे पगार, आगाराची देखभाल, कर्जाचं व्याज हे सगळं मार्गांमध्ये वाटलेलं असतं. मार्ग बंद केल्याने मुख्यालय बंद होत नाही. निव्वळ उदाहरण म्हणून घ्या: कागदावर मार्गाचा खर्च १००, त्यातला ३५ हा असा वाटून आलेला. म्हणजे खरोखर वाचणार ६५. तिकिटातून येत होते ४०. बंद झाल्यावर काही प्रवासी दुसऱ्या मार्गाने येतील, १० परत मिळतील, ३० बुडतील. निव्वळ बचत ३५. प्रस्तावात मात्र लिहिलेलं असतं ६०. त्यातही या बसने मोठ्या थांब्यावर येऊन पुढे दुसरी बस धरणारे लोक धरलेले नाहीत. त्यांचं दुसऱ्या बसचं तिकीटही गेलं. तेव्हा प्रश्न असा विचारा: ‘हा मार्ग बंद केल्याने टळणारा खर्च किती, सरासरी खर्च नव्हे?’ उत्तर लेखी मागा.

वेळेचाही हिशेब असतो. गर्दीच्या तासांसाठी बस आणि माणसं जास्त लागतात, त्यामुळे खरा महाग भाग तोच. दुपारच्या किंवा रात्रीच्या फेऱ्या त्याच बस आणि बऱ्याचदा त्याच पाळीतले चालक चालवतात. दुपारची फेरी कापली तर डिझेल आणि टायरची झीज वाचते, पगार द्यावाच लागतो. तरी कपात सुचवताना पहिला हात दुपारवर आणि रात्रीवरच जातो, कारण तिथे बस रिकामी ‘दिसते’.

रिकाम्या बसचा युक्तिवाद तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, म्हणून तयार राहा. मार्गाच्या शेवटच्या टोकाला प्रत्येक बस रिकामीच असते, माणसं उतरलेली असतात. सकाळी शहराकडे ओसंडून गेलेली बस उलट फेरीत मोकळी येणारच, नाहीतर पुढची भरलेली फेरी कोण करणार? एका कोपऱ्यावर उभं राहून बस रिकामी ठरवणं म्हणजे पहाटे चारला रस्ता बघून तो कुणाला नकोच आहे असं म्हणणं. मोजायचे ते एका सेवा-तासात चढलेले प्रवासी.

आणि कपातीचं चक्र. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि फेऱ्या वाढल्या की प्रत्येक प्रवाशाचं थांबणं कमी होतं, म्हणजे नवा प्रवासी आधीच्या प्रवाशांचा फायदा करतो. हेच उलट्या दिशेनेही चालतं. फेऱ्या घटल्या, थांबणं वाढलं, लोकांनी बस सोडली, उत्पन्न घटलं, मग ‘प्रवासीच नाहीत’ म्हणून पुढची कपात. वाहतूक नियोजनात ढोबळ ठोकताळा असा वापरतात की भाडं १० टक्के वाढलं तर प्रवासी ३ टक्क्यांच्या आसपास घटतात, आणि फेऱ्या १० टक्के घटल्या तर ५ टक्क्यांच्या आसपास. शहरागणिक आणि मार्गागणिक हे बदलतं. पण प्रस्तावात प्रवासी अजिबात घटणार नाहीत असं गृहीत धरलेलं असेल, तर तो हिशेब अपुरा आहे हे ठणकावून सांगायला एवढं पुरे.

माणसं जोडा

लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली वाहतूक संस्थेने भाडेवाढ आणि मासिक पास बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘बस रायडर्स युनियन’ ही संघटना बसमध्ये चढून माणसं गोळा करत होती. खटला झाला आणि १९९६ मध्ये दहा वर्षांसाठीचा तडजोडीचा हुकूमनामा मिळाला. पास टिकला, बसमधल्या गर्दीवर मर्यादा आली, ती पाळण्यासाठी नव्या बस घ्याव्या लागल्या. त्या संघटनेकडून शिकण्यासारखी साधी गोष्ट: प्रवासी बसमध्ये भेटतात. सभागृहात सभा बोलावून वाट पाहण्यापेक्षा थांब्यावर आणि बसमध्ये दहा-दहा मिनिटं बोला.

बोलताना मोठं भाषण नको. तीन प्रश्न विचारा: कुठून कुठे जाता, किती वाजता, ही बस नसेल तर काय कराल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या आणि परवानगी असेल तरच नाव वापरा. रात्रपाळीची परिचारिका, पहाटे सफाईला निघणारी बाई, शिकवणीहून परतणारा मुलगा, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस यांची उत्तरं कुठल्याही तज्ज्ञाच्या टिपणापेक्षा सभागृहात जास्त चालतात.

चालक-वाहकांच्या संघटनेशी पहिल्या आठवड्यातच बोला. कुठल्या बस का उभ्या आहेत, कुठल्या फेऱ्या कागदावरच धावतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मात्र त्यांचं हित आणि प्रवाशांचं हित प्रत्येक बाबतीत एकच असेल असं धरून चालू नका. ड्यूटीच्या वेळा बदलून फेऱ्या वाढवण्याची सूचना तुम्हाला आवडेल, त्यांना नाही. कुठल्या मागण्यांवर एकत्र आणि कुठल्यांवर आपापले, हे एका पानावर आधीच लिहून घेतलं की ऐन वेळी फाटाफूट होत नाही. मालक मंडळींनाही विसरू नका. ज्यांचे कामगार बसने येतात अशा दवाखान्याचं, कारखान्याचं किंवा महाविद्यालयाचं एक पत्र शंभर सह्यांच्या तोडीचं ठरतं, कारण वित्त समितीला ती भाषा लवकर कळते.

मागणी एकच ठेवा. ‘सेवा-तास गेल्या वर्षीपेक्षा कमी होता कामा नयेत.’ वातानुकूलित बस, मोफत प्रवास, नवं अ‍ॅप, थांब्यावर शेड हे सगळं चांगलं आहे, पण तुटीच्या वर्षी मागण्यांची यादी लांबली की समोरचा त्यातली सगळ्यांत स्वस्त पुरी करतो आणि फोटो काढून घेतो.

पैसा कुठून, याचं उत्तर तयार ठेवा

‘कपात नको’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच येतो. तुमच्याकडे उत्तर असेल तर चर्चेचा रोख बदलतो.

फ्रान्सने १९७१ मध्ये आधी पॅरिस परिसरात आणि नंतर इतर शहरांत मालकांवर वाहतूक-कर लावला. अकरा किंवा जास्त कामगार असलेला मालक पगाराच्या प्रमाणात पैसे भरतो आणि ते शहराच्या वाहतुकीला जातात. व्हिएन्नातही भुयारी रेल्वेसाठी १९७० पासून मालकांकडून दर कामगारामागे वर्गणी घेतली जाते. ३६५ युरोच्या वार्षिक पासमुळे ते शहर २०१२ नंतर जगभर गाजलं, पण त्याच वर्षी ही वर्गणी आणि पार्किंगचं शुल्कही वाढवलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. स्वस्त पास मागायचा तर त्याची दुसरी बाजूही मागितली पाहिजे.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये २०१२ पासून अकरा किंवा जास्त गाड्यांची जागा कामगारांना देणाऱ्या मालकांना त्या जागांवर शुल्क भरावं लागतं, त्यातून ट्रामचा विस्तार झाला. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये मध्यवर्ती भागात गाड्यांवर शुल्क लावलं, निव्वळ उत्पन्न कायद्याने वाहतुकीसाठी राखलं आणि पहिल्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या. स्टॉकहोमने २००६ मध्ये सुमारे सात महिने असाच प्रयोग केला. बससेवा त्याआधीच वाढवून ठेवली होती. आधी लोक विरोधात होते, प्रयोग पाहिल्यावर सप्टेंबरच्या सार्वमतात बाजूने कौल मिळाला आणि २००७ मध्ये शुल्क कायम झालं. आधी बस वाढवा, मग शुल्क लावा, हा क्रम उलटा केला तर लोकांच्या रागाला तोंड देता येत नाही.

शिवाय जवळपास फुकटात मिळणारा पैसा असतो: वेग. वर ६० मिनिटांची फेरी ७२ ची झाल्याचं उदाहरण दिलं. बससाठी राखीव मार्गिका, सिग्नलवर बसला प्राधान्य, पुढच्या-मागच्या दोन्ही दारांनी चढण्याची सोय यांनी ती पुन्हा ६० वर आणता आली, तर त्याच बस आणि त्याच चालकांत फेऱ्या वाढतात. रंग, फलक आणि थोडी पोलिसांची इच्छा एवढाच खर्च. रस्त्याकडेला गाड्या लावणारे विरोध करतील. त्यासाठीच आधी माणसं जोडायची.

करासाठी मतदान घ्यावं लागत असेल, तर अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराचा अनुभव बघा. मे २०१८ मध्ये ट्राममार्गांवर भर देणारी मोठी योजना मतदारांनी जवळपास दोन-तृतीयांश मतांनी फेटाळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये बसच्या फेऱ्या, पदपथ आणि सिग्नल यांवर बेतलेली योजना साधारण तेवढ्याच मतांनी मंजूर झाली. दुसऱ्या योजनेत प्रत्येक वस्तीला स्वतःचा पदपथ आणि स्वतःची बस दिसत होती.

वेळ आणि बोलणी

आर्थिक वर्ष सुरू होतं तिथून मागे मोजा. सहा-सात महिने आधी विभाग आपापल्या मागण्या पाठवतात, तेव्हा अधिकाऱ्यांना भेटा. हे काम गाजावाजा न करता करा. वाहतूक विभागातल्या बहुतेक नियोजकांना कपात नकोच असते, त्यांना बाहेरून कुणीतरी दार ठोठावण्याची गरज असते. तीन-चार महिने आधी मसुदा येतो, तेव्हा लोकप्रतिनिधींना भेटा आणि प्रत्येकाला त्याच्याच मतदारसंघाचं पान द्या: रोज इतक्या फेऱ्या इथून जातात, प्रस्तावानंतर इतक्या उरतील, हे थांबे, ही शाळा, हा दवाखाना. शहराची सरासरी त्यांना हलवत नाही. स्वतःच्या भागातले चार थांबे हलवतात.

जनसुनावणीत बहुधा दोन मिनिटं मिळतात. ती अशी वापरा: ‘मी अमुक मार्गाने रोज सकाळी सहाला कामावर जाते. आम्ही दोन आठवडे मोजणी केली. ठरलेल्या १६८ फेऱ्यांपैकी २९ आल्याच नाहीत. प्रस्तावात यातल्या आणखी कापायच्या आहेत. त्याने टळणारा खर्च किती, हे विभागाने लेखी सांगितलेलं नाही. ते उत्तर येईपर्यंत हा मुद्दा मंजूर करू नये.’ (आकडे अर्थात तुमचे घाला.) वीस जण बोलणार असतील तर वीस वेगळे मार्ग आणि वेगळ्या वेळा वाटून घ्या. एकच निवेदन वीसदा वाचलं की तिसऱ्यापासून सभासद फोन बघू लागतात.

वार्ताहरांना पत्रक पाठवू नका, सकाळी पावणेआठला थांब्यावर बोलवा.

कोर्टाचा रस्ता शेवटचा, महाग आणि बेभरवशाचा. पण कधीकधी तो वेळ मिळवून देतो. फिलाडेल्फियात २४ ऑगस्ट २०२५ रोजी ३२ बसमार्ग बंद झाले, सेवेचा पाचवा हिस्सा गेला. खटला दाखल झाला, न्यायालयाने सेवा परत आणायचा आदेश दिला, आणि राज्याच्या परवानगीने भांडवली निधीतले ३९.४ कोटी डॉलर रोजच्या खर्चासाठी वळवून १४ सप्टेंबरला बस पूर्ववत झाल्या. भाडं मात्र २१.५ टक्क्यांनी वाढलं. आणि तो वळवलेला पैसा दोन वर्षांपुरताच, जुनी यंत्रणा बदलण्याच्या पैशांतून आलेला. आनंद करावा, पण तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

कपात टळतच नसेल तर

अशी वर्षं येतात. त्या वेळी ‘सगळ्या मार्गांवर सरसकट १० टक्के’ हा प्रस्ताव न्याय्य वाटतो आणि तोच सर्वांत वाईट असू शकतो, कारण दर १० मिनिटांची बस मोडली की वेळापत्रक न बघता थांब्यावर जाणारा प्रवासी सुटतो. आधी एकमेकांना समांतर धावणारे मार्ग बघा, अतिजवळचे थांबे बघा. ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये खर्च फारसा न वाढवता एकाच रात्रीत सगळं बसजाळं नव्याने मांडलं आणि वारंवार बस येणारे मार्ग वाढवले. त्यात काही लोकांना जास्त चालावं लागलं. गर्दीच्या मार्गांवर फेऱ्या टिकवायच्या की विरळ वस्तीतली एकमेव बस, हा खरा पेच आहे. त्याला गणिती उत्तर नाही, शहराने उघडपणे ठरवायला हवं. माझं मत विचाराल तर शेवटच्या बसला हात लावू नये. रात्री परतायची खात्री नसलेला माणूस सकाळची बसही सोडतो.

आणि या चार गोष्टी ठरावात लेखी घाला. कपातीला संपण्याची तारीख हवी, म्हणजे ती वाढवायची तर पुन्हा मतदान घ्यावं लागेल. कुठलं उत्पन्न कितीवर पोचलं की कुठल्या फेऱ्या परत येतील, ते नावानिशी हवं. प्रशिक्षित चालक कमी करायचे नाहीत, कारण नवे भरून तयार करायला महिनोन् महिने जातात आणि पैसे आले तरी बस सुटत नाहीत. बस आणि आगाराची जमीन विकायची नाही. यातली शेवटची अट सगळ्यांत जास्त विरोध ओढवून घेईल. तिथेच ठाम राहा.

ठराव कसाही होवो, दुसऱ्या सोमवारी वही घेऊन त्याच तीन थांब्यांवर पुन्हा बसा. परत आलेल्या फेऱ्या पहिल्या महिन्यात नेमाने सुटतात. गळती लागते ती तिसऱ्या महिन्यापासून, आणि तोवर पुढच्या वर्षीच्या मागण्या विभागाकडून जायची वेळ झालेली असते.